सरांच्या वाडीतली माझी शिडी

मी सायवनची. सायवन म्हणजे डहाणूपासून आत, डोंगराच्या अंगाला. आमच्या पाड्यावर भात आणि नागली, आणि ते घरात आलं की अर्धा पाडा खाली बोर्डीला चिकू उतरवायला जायचा. माझा बापूस पण तसाच गेला आणि हळूहळू मुकादम झाला. मुकादम काय असतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही, बाय, तू चिकू फक्त ताटलीत बघितलेला.

वाडीला, म्हणजे चिकूच्या बागेला, एकच मुकादम. उतरवणारी माणसं त्याची, शिडी त्याची. तो वाडीत नारळ फोडतो, शिडी झाडाला टेकवतो, आणि मग ती शिडी बारा महिने तिथेच, कारण चिकूच्या एकाच फांदीवर फूल असतं, बारकं फळ असतं आणि उतरवायचं फळ पण असतं, काम कधी संपत नाही. जोवर एकाची शिडी वाडीत उभी आहे तोवर दुसरा मुकादम त्या वाडीत पाय ठेवत नाही. आणि मालकाने शिडी आपल्या हाताने बाहेर काढली, तर त्या मालकाकडे मग कुणीच जात नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. सगळे मुकादम एकमेकांचे साडू नाहीतर व्याही, लिहायची गरज काय?

तर मी बारावी झाली, पाड्यावरची पहिली पोरगी, आणि कॉलेजात गेली. कॉलेज कुठलं ते लिहू नको. ज्या वाडीत बापूस मुकादम होता त्या वाडीचे मालक त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांना आम्ही सरच म्हणायचो, तू पण सरच लिही. नाव लिहिलंस तर त्यांना वाटेल मी त्यांना मोठं केलं.

सकाळी मी वाडीत चिकू निवडायची, म्हणजे लहान-मोठे वेगळे करायची, आणि मग कॉलेज. चिकूचा चीक हाताला बसतो, काळा होतो, खोबरेल लावून घासला तरी नखाच्या कडेला राहतो. एक दिवस सरांनी वह्या गोळा केल्या, माझी वही दोन बोटांनी उचलली आणि भर वर्गात बोलले, हिच्या वहीला चीक लागलाय, अगं, ज्याच्या हाताला चीक त्याने चिकूची पाटीच उचलावी, वही कशाला खराब करतेस? वर्ग हसला. काय सांगू तुला, असा हसला की मला दरवाजा कुठे आहे तेच दिसेना. आणि चीक होता त्यांच्याच चिकूचा. हे मला तेव्हा सुचलं नाही, परत येताना एसटीत सुचलं, आणि एसटीत सुचून काय उपयोग.

घरी सांगितलं तर बापूस बोलला, जाऊन सरांची माफी माग. मी बोलली, कशाची? तो बोलला, कशाची ते सर सांगतील. वाडी हातची जाईल ही त्याला भीती, हे आज कळतं. मी माफी मागितली नाही आणि कॉलेजात पण परत गेली नाही.

मग डहाणूला फुग्याच्या फॅक्टरीत लागली. साचे रबराच्या चिकात बुडवायचे, सुकवायचे, फुगा सोडवायचा. बघ, तिथे पण चीकच, रंगीत होता एवढाच फरक. मग लग्न झालं, नवरा सरावलीचा, टेंपो चालवतो, शांत माणूस, आमच्या घरात भांडायचं काम माझ्याकडेच. फॅक्टरी सोडून मी तलासरीला हायवेला चहा-वड्याची टपरी टाकली. तिथे ट्रकवाले विचारायचे, इथला चिकू चांगला म्हणतात, पण घरी पोचेपर्यंत मऊ होतो, काय करायचं? म्हणून मी चकत्या करून वाळवायला लागली. पहिल्या खेपेला पूर्ण पिकलेला चिकू कापला, त्याचा नुसता लगदा झाला आणि जाळीला चिकटला. नवरा बोलला, आता जाळीच विक. मग कळलं, थोडा कडक असतानाच कापायचा. त्यातून ही शेड उभी राहिली, पावडर आली, पाकिटं आली, आणि पाड्यावरच्या बायका कामाला आल्या.

आता लोक मला महिला दिनाला बोलवतात आणि विचारतात, ताई, तुम्ही एवढी कामं बदलली, हिंमत कुठून आली? मी स्टेजवर सांगते, घरच्यांचा आधार. आधार आहे, नाही असं नाही, पण खरं ते नाही. खरं तुला सांगते. एकेक काम मी सरांसाठी बदललं. फॅक्टरीत बायकांवर देखरेखीला लागली तेव्हा वाटलं, आता सरांना कळू दे. टपरी टाकली तेव्हा वाटलं, आता कळू दे. आणि एकदा सर खरंच गाडी थांबवून टपरीवर चहा प्यायले, मला ओळखलं, आणि बोलले, वा, बरं झालं, कुठेतरी लागलीस. हसून बोलले, बरं का. त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं की मी कितीही मोठा धंदा केला तरी या माणसाला काही होणार नाही. याने मला वर्गातून घालवलं, याला वर्गातच गाठायला पाहिजे.

मधल्या काळात बापूस गेला आणि त्याची शिडी माझ्याकडे आली. बाईमाणूस मुकादम कसा, असं एकदोघं बोलले, पण त्यांच्याच बायका माझ्या शेडमध्ये, मग गप्प बसले. सरांची वाडी मी सोडली नाही. माणसं वेळेवर, नारळ वेळेवर, फळाला खरचटा नाही. सर सगळ्यांना सांगायचे, बापापेक्षा पोरगी बरी. मी ऐकून घ्यायची. मी वाट बघत होती.

दोन हजार चौदाला मी त्याच कॉलेजात परत नाव घातलं. पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसली, सर आले, पोरं उभी राहिली, मी पण उभी राहिली. सर बोलले, कमळ, इथे कशाला, वाडीचं काही काम होतं का? मी बोलली, नाही सर, हजेरी लावायची होती. पोरांना गंमत वाटली. सरांना नाही वाटली. रोज माझा नंबर घ्यायचे आणि मी बोलायची, हजर सर. एवढं जोरात कुणी बोलत नव्हतं.

पहिलं वर्ष तेवढ्यावर भागलं असतं. दुसऱ्या वर्षी सर मजुरी शिकवत होते. अकुशल मजूर म्हणजे काय, असं विचारलं आणि माझ्याकडे हात करून बोलले, उदाहरण आपल्या वर्गातच बसलंय की. मागून एक पोरगं हसलं. एकच हसलं, पण मला तो जुना सगळा वर्ग ऐकू आला.

संध्याकाळी मी माझ्या माणसांना सांगितलं, उद्यापासून सरांच्या वाडीत जायचं नाही. ते बोलले, मग शिडी घेऊन येतो. मी बोलली, शिडी राहू दे.

बस. शिडी उभी, माणूस नाही. सरांनी दोनतीन मुकादमांना निरोप पाठवले, ते यायचे, कुंपणाबाहेरून शिडी बघायचे आणि बोलायचे, कमळची आहे, आम्हाला नाही जमणार. मग सरांनी बाहेरून मजूर आणले. त्यांना चिकू ठाऊक नाही, त्यांनी फांद्या धरून हलवल्या, जांभळाची हलवतात तशा. फळ खाली पडून फुटलं, आणि पुढचं बारकं फळ, फूल, सगळंच खाली. अर्थशास्त्राचे सर, अकुशल मजूर शोधून आणले.

तेव्हा सर इथे शेडवर आले. मी खुर्ची दिली, चहा दिला, पाहुणा तो पाहुणा. सर बोलले, कमळ, शिडी उचल. मी बोलली, उचलते. उद्या वर्गात माझी वही हातात घ्या, पूर्ण हातात, आणि मागे जे बोललात ते चुकलं म्हणा. सर बोलले, मी काय बोललो होतो? मला आठवत नाही. पण कप उचलताना त्यांनी माझ्या नखांकडे बघितलं. आठवत होतं. मी बोलली, मग सर, शिडी कुणाची ते मला पण आठवत नाही.

त्यांनी कप खाली ठेवला आणि हळूच बोलले, तुझे इंटर्नलचे मार्क अजून मला द्यायचेत. मी बोलली, द्या शून्य. नापास करा. पुढच्या वर्षी परत तुमच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसते, त्याच्या पुढच्या वर्षी पण बसते, तुम्ही रिटायर होईस्तोवर माझी हजेरी घ्या.

त्यांनी केलं नापास. तोंडावर मोठं बोलली होती, पण निकाल बघून मी शेडच्या मागे जाऊन रडली, खोटं कशाला सांगू. डिग्री पण मला पाहिजे होती ना, नुसता सूड नको होता. नवरा बोलला, शिडी काढ, पास हो, विषय संपव. मी बोलली, तू टेंपो चालव. आणि परत जाऊन पहिल्या बाकावर बसली, हजर सर. त्या वर्षी मात्र त्यांनी मला भरपूर मार्क दिले, तिसऱ्या वर्षी पण दिले. मी ग्रॅज्युएट झाली. पण ते मार्क माझ्या अभ्यासाचे, का मला एकदाचं घालवायला दिलेले, हे मला कधीच कळणार नाही. अभ्यास मी केलेला, रात्री पाकिटं भरून झाल्यावर केलेला, आणि त्याचा आनंद पण त्या माणसाने नासवला. तो हिशेब पण मी शिडीवरच चढवून ठेवलाय.

आता एकोणीस साल. सर यंदा रिटायर झाले. दिवसभर ओट्यावर बसतात, समोर वाडी. चिकू पिकतो, गळतो, वटवाघळं खातात. पाड्यावरचे बोलतात, म्हाताऱ्या माणसाचं किती ताणायचं? मी काय ताणते? दोन वाक्यं बोलायचीत त्यांनी. वर्ग आता नाही, तर ओट्यावरून बोलू देत, मी कुंपणाशी उभी राहून ऐकते.

गेल्या पावसात शिडीचा एक बांबू कुजला. मी स्वतः गेली, नवा बांबू घेऊन, जुना सोडवला, नवा घट्ट बांधला आणि शिडी परत त्याच झाडाला टेकवली. सर बघत होते. हात झाडाला लागला होता, चीक तसाच ठेवला आणि घरी आली.

आणि मी त्यांचं वाईट चिंतत नाही, हे पण लिही. रोज दिवा लावताना सांगते, देवा, सरांना खूप आयुष्य दे. आणि नजर चांगली ठेव त्यांची, ओट्यावरून वाडीच्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ दिसू दे.