प्रोफेसरांच्या दंडावर मीठ

मांतोव्हाच्या दवाखान्यात रक्ततपासणीसाठी उपाशी आलेल्या देल्फिनाचा नंबर पुढचाच होता. पण पडद्याआड लॅटिनचे निवृत्त प्रोफेसर एर्मेते अडून बसले होते आणि त्यांची बायको एर्सिलिया त्यांच्यावर डाफरत होती.

“दोनदा सुई बघून पळालास, एर्मेते! आज रक्त दिलं नाहीस तर डोळ्याचं ऑपरेशन रद्द होईल.”

“उद्या देतो ना.”

“प्रोफेसर, मुंगी चावल्यासारखं होईल,” नर्स म्हणाली.

“मग मुंगीच आणा!”

“जाऊ दे, सिस्टर,” एर्सिलिया म्हणाली. “रक्त काढण्याला आपण ‘सालासारे’ म्हणतो ना? ते ‘साले’वरून आलं, मिठावरून. जखमेला मीठ चोळायचे म्हणून.”

“मीठ? एर्सिलिया, मीठ?”

“मीठच. सगळं गाव म्हणतं.”

“गावाला काय अक्कल! सिस्टर, हिचं ऐकू नका. ‘सांग्विस’ म्हणजे रक्त, ‘लाक्सारे’ म्हणजे मोकळं सोडणं. लोकांच्या तोंडी झिजून झिजून दोन्हींचा एक शब्द झाला. आणि ही म्हणे मीठ! लाज वाटते मला...”

“प्रोफेसर, कापूस दाबून धरा.”

“का?”

“झालं.”

“कधी?”

“तुम्ही ‘मोकळं सोडणं’ म्हणालात तेव्हा.”

“अरेच्चा! सुटलो बुवा! मी पुढं होतो, एर्सिलिया. आज कॉफीबरोबर दोन कोर्नेत्तो खाणार!”

प्रोफेसर शीळ घालत देल्फिनासमोरून गेले.

“बाई, ते खरंच मिठावरून आलं?” देल्फिनानं मागून आलेल्या एर्सिलियाला विचारलं.

“छे गं! मधुचंद्राला दोन दिवस हाच शब्द समजावत होता मला.”