यंत्राच्या पलीकडून

नॉटिंगहॅमच्या कानांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी लेसच्या गिरणीतले दोन म्हातारे बसले होते. त्यांचं बोलणं अख्ख्या खोलीला ऐकू जात होतं.

"हॉरेस! तू आणि कानाचं मशीन?"

"तोंड इकडे कर, सिरिल. ओठ दिसू देत."

"गिरणी बंद पडून तिथे फ्लॅट झाले, तरी तू आपला हटून! मला कशाला हवं, म्हणायचास."

"नव्हतंच लागत. लेसची यंत्रं धडधडायला लागली की कोण कुणाचं ऐकायचं? सगळे ओठच वाचायचे. विनीला लग्नाचं विचारलं तेही यंत्राच्या पलीकडून."

"आणि ती हो म्हणाली, ते अख्ख्या खात्याने वाचलं!"

"त्या धडधडीने कान गेले, मग घरीही तसंच चाललं. पन्नास वर्षं काही अडलं नाही."

"मग आता काय अडलं?"

"मार्चमध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. ती बोलते रे, पण मला एक शब्द वाचता येत नाही."

"अरेरे."

"सिरिल, मला आता आठवत नाही. तू ऐकलायस ना? कसा आहे रे तिचा आवाज?"