निरंक

— नाही जी मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हालते. इथं बसा, पलंगावर. हाव, अशा. पाणी घ्या आधी. लाइटचं बिल पाहिलं ना तुम्ही? अन् रेशन कार्ड, जातीचा दाखला, आधार, जन्माचा दाखला — सगळं त्या पिवळ्या पिशवीत आहे, एक कागद कमी नाही. सतरा वर्षं झाली, या कारध्याची अंगणवाडी मी सांभाळून राहिली, सेविका आहो, कागद कसे ठेवायचे ते मले समजते. — काय म्हणता? बातमी कधी समजली? मंगळवारी. त्या दिवशी आमच्याकडं लेकरांचं वजन होतं. काट्याच्या झोळीत बाबुलालचा नातू टाकला होता अन् तो अशा लाथा मारे का काटा ठरेच ना — सात किलो, साडेसात, पुन्हा सात — तेवढ्यात मोबाइल वाजला. म्हटलं, सुपरवायझरबाई असन. खिचडी चुलीवर होती, मदतनीस म्हणे बाई मीठ टाकू का, मी म्हटलं टाक, अन् तसाच मेसेज उघडला. ‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे.’ तीनदा वाचला. आरटीईच्या लॉटरीत आमच्या नातीचा नंबर लागला, नदीपलीकडची इंग्रजी शाळा, आठवीपर्यंत काही फी नाही. जमलेल्या बाया टाळ्या वाजवून राहिल्या, अन् माझे हातपाय गार. काहून गार? — आनंदानं जी. आनंदानं होते ना माणसाले असं. खिचडीत मीठ दोनदा पडलं त्या दिवशी, लेकरांनी खाल्ली नाही.

आली पाहा. ये वो, लाजते काय. मॅडमले नमस्ते कर. ही रुचिता — घरी गुड्डी म्हणतो आम्ही. माझ्या पोराची, जीवनची पोरगी. जीवन चिखल्याले असते, खाणीतला माल वाहते ट्रकवर, आठ दिवसांनी एकदा घरी येते. त्याचंच सपन आहे हे, बाप्पा. म्हणे, आई, मी दहावीत दोनदा बसलो, पण माझी पोरगी त्या निळ्या गाडीतून शाळेत जाईन. फॉर्मही त्यानंच भरला, तुमसरच्या दुकानात बसून. नकाशावर लाल फुगा आणून ठेवा लागते ना घरावर, तसा ठेवला. घरी येऊन हिले सांगतलं, तुह्या नावाचा फुगा लावला नकाशावर. तेव्हापासून रोज विचारते, फुगा कधी भेटन? — गुड्डे, तोंड बंद कर. कायले इतके दात काढून राहिली? — असंच म्हटलं जी. माशा आहेत म्हणून.

वय? सहा पूर्ण झाले. दाखल्यावर आहे ना — नऊ सप्टेंबर अठरा, भंडाऱ्याचं सरकारी हॉस्पिटल, शिक्का आहे, सही आहे. बारीक दिसते, हाव. आमच्या घरातच बांधा बारीक. दुधाचे दात? पडतील ना, मॅडम. कोणाचे लवकर पडते, कोणाचे उशिरा. जा गुड्डे, आईजवळ जा आतमंधी. टीना, वो टीना, चहा ठेव. माझी सून. ती येणार नाही बाहेर, तिले बोलाले जमत नाही लोकांसमोर. पहिले जमत होतं.

तुम्ही फाटकातच म्हणाल्या, शिक्षण खात्याकडं तक्रार आली आहे. तेव्हापासून मी पाहून राहिली, तुमच्या फाइलीखालून तो घडी केलेला कागद निघून राहिला बाहेर. दाखवू नका. मले माहीत आहे कोणाचा तो — परसरामचा. शेजारी आमचा, मधात एक भिंत. त्याच्या मोनूचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं आहे — आमची सुटली का त्याचा लागला. लॉटरीच्या दुसऱ्याच दिवशी बोरिंगवर बायांसमोर म्हणे, ‘सेविकाबाईच्या नातीचं नशीब पाहा, दोनदा जन्मली तेव्हा एकदा नंबर लागला.’ बाया हासल्या. मीही हासली. हासली तेव्हाच समजलं, हा गप्प बसणार नाही. अन् आज तुम्ही दारात. तुमची गाडी दिसली तेव्हा मी तांदूळ पाखडून राहिली होती, सूप हातातच राहिलं. ते पाहा, तांदूळ सांडले आहेत अजून.

मॅडम, एक सांगू? तुम्ही काही विचारून नाही राहिल्या, नुसत्या पाहता, मले त्याचीच भीती वाटते. मोठ्यानं बोला, रागवा, पण असं पाहू नका. मी बी भेटीले जाते लोकांच्या घरी, मी बी अशीच पाहते — आधी लेकराकडं, मंग कागदाकडं, मंग पुन्हा लेकराकडं. कागदावरचं लेकरू अन् पुढं उभं असलेलं लेकरू जुळते का नाही, ते माझ्याइतकं कोणाले समजते? पाच वर्षांचं अन् साडेसहाचं, मले लांबून समजते, चालीवरून. मंग तुम्हाले नाही समजलं असन? समजलं. मघाशीच समजलं.

दाखला खोटा नाही. ते आधी लिहून घ्या. दाखला खरा आहे, सही खरी आहे, नऊ सप्टेंबर अठराले या घरात रुचिता जन्मली हे खरं आहे. अडीच किलोची होती, टीनाचं पहिलं. मी स्वतः तिचं नाव रजिस्टरात लिहिलं, लाल शाईनं, आमच्याकडं पोरींचं नाव लाल लिहिते. वाढीच्या तक्त्यावर दर महिन्याले ठिपका द्यायची मी — पहिला, दुसरा, तिसरा, रेघ अशी वर चढत होती का सुपरवायझरबाईनं बाकीच्या बायांना दाखवली होती, लेकरू वाढवावं तं असं. सहा ठिपके आहेत. सातवा नाही. मार्च एकोणीस. ताप आला, दोन दिवस राहिला, तिसऱ्या दिवशी पहाटे रिक्षात टाकून निघालो, पूल ओलांडला, अन् टीना म्हणे, आई, ही गार काहून लागते? — तिथूनच परत फिरलो. दवाखान्यात गेलोच नाही, मंग कागद कुठून होईन? इतक्या लहान लेकराले पुरते आमच्यात. नदीच्या काठाले करंजाचं झाड आहे, तिथं. जीवनच्यानं तं उभं राहावत नव्हतं. खड्डा परसरामनं केला. हाव, याच परसरामनं. मातीही त्यानंच सारखी केली, हातानं, फावडं नाही लावलं.

महिन्याच्या शेवटी अहवाल द्या लागते. तुम्ही शिक्षण खात्याच्या, तुमचे कागद वेगळे असतील — आमच्या अहवालात एक रकाना असते, बालमृत्यू. गावात कोणाचं लेकरू गेलं का त्याचं नाव रजिस्टरातून कापा लागते, अन् त्या रकान्यात एक लिहा लागते. मी कापली आहेत नावं. डोमाच्या पोराचं, त्या वीटभट्टीवरच्या बाईच्या जुळ्यांचं — रडत रडत कापली, पण कापली, पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. त्या महिन्यात मी पेन घेऊन बसली, पट्टी ठेवली. अन् रकान्यात लिहिलं — निरंक. म्हणजे काही नाही. कारधा, अंगणवाडी, मार्च महिना, बालमृत्यू निरंक. सही केली. म्हटलं, पुढच्या महिन्यात लिहीन.

पुढच्या वर्षी लॉकडाउन लागलं. त्या एप्रिलात टीना पुन्हा भरली होती, दिवस पूर्ण झाले, रस्त्यावर पोलीस, गाडी नाही, हॉस्पिटलचं नाव काढलं का ती आतून कडी लावे. घरीच झाली, या खोलीत, तुम्ही बसल्या त्या पलंगावर. मीच सोडवली. पोरगी. पुसून टीनाच्या कुशीत दिली, तं तिनं तोंडाकडं पाहिलं अन् म्हणे, ‘रुचिता आली.’ वर्षभर धड जेवली नव्हती माझी सून, मॅडम, भिंतीकडं तोंड करून राहे. अन् त्या दिवशी हासली. जीवननं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले पायजे होतं, नाही बाई, ही दुसरी, हिचं दुसरं नाव ठेवू. तसं नाही म्हटलं. मी म्हटलं, हाव, आली. मंग नोंद कायची करायची? नाव होतंच रजिस्टरात. दाखला होता, लशीचं कार्ड होतं, सगळं होतं, एक लेकरूच नव्हतं — ते आलं. तेव्हा तं असं वाटलं, कोणाचं काय गेलं यात?

आता समजते. खऱ्या वयानं यंदा ही शाळेच्या अटीत बसत नाही, चार महिने कमी पडते. अन् पुढच्या वर्षी भरावं तं कागदावर ती मोठी होऊन जाते, तेव्हाही बसत नाही. हे एकच वर्ष आहे हिच्याजवळ. अन् तुम्ही आज लिहिलं का दाखला हिचा नाही, तं मंग ही कोण, सांगा? कोणत्याच कागदावर नाही ही. माझी नोकरी जाते तं जाऊ द्या, सतरा वर्षं पुष्कळ झाली. पण आतमंधी टीना बसली आहे — परसरामनं काय लिहिलं ते तिच्यासमोर वाचू नका. तुमच्या पाया पडते. तिच्या लेखी एकच पोरगी झाली आहे, मॅडम. तिले तुम्ही दोन सांगू नका.

काय? — मी वाचू? द्या. चष्मा... असू द्या, दिसते. ‘महोदय, सदर पाल्याच्या घरापासून शाळेचे अंतर नकाशावर नदीतून सरळ मोजले असल्याने एक किलोमीटरच्या आत येते व पाल्यास प्राधान्य मिळाले आहे. पुलावरून ते अडीच किलोमीटर आहे; माझ्या पाल्याचे मी तेवढेच लिहिले, म्हणून तो मागे राहिला. पाल्य पोहत जाणार नाही. तरी अंतर प्रत्यक्ष येऊन मोजावे. आपला नम्र, परसराम...’

एवढंच?

मागं काही नाही. — पुलाचं लिहिलं. फक्त पुलाचं. म्हणजे तुम्ही अंतर मोजाले आल्या होत्या? वयाचं कोणी — कोणीच नाही? दात तं तुम्ही असेच विचारले, लेकरू दिसलं म्हणून?

त्याले सगळं माहीत होतं. खड्डा त्यानं केला, मॅडम. एक ओळ लिहिली असती तं त्याच्या मोनूचा नंबर पक्का लागला असता. नाही लिहिली त्यानं.

मीच सांगतलं. कोणी विचारलं नाही अन् मीच.

— हा तुमच्या मोबाइलवरचा नकाशा आहे काय? हा लाल फुगा म्हणजे आमचं घर? अन् ही निळी रेघ शाळेपर्यंत, हाव. घरातून निघते, परसरामच्या परसातून जाते, मंग उतार, मंग हे काठावरचं हिरवं... हे करंजाचं झाड आहे. रेघ तिथूनच जाते पाण्यात. बंद करा जी तो. बंद करा.

चहा नका घेऊ, थंड झाला. निघा तुम्ही, ऊन चढून राहिलं. पिशवी राहू द्या इथं, नाही तं घेऊन जा, तुमचं काय ठरते ते. मी तुम्हाले काय लिहा म्हणून सांगणार नाही. इतकी वर्षं मीच लिहीत आली, मीच चुकली. — गुड्डे, बाहेर नको येऊ. मॅडमले टाटा आतूनच कर.

त्या मार्चचं रजिस्टर माझ्याच कपाटात आहे. सहा वर्षं झाली. नोंद करायची राहिली आहे.