बादलीभर निरोप

मुनव्वर : ...आणि वर म्हणतोस, गाडीत दोष नाही! मग काय माझ्या तेकीनच्या कानात दोष आहे?

बेद्री : मावशी, आधी बसा. त्या टायरवर नको, ग्रीस लागेल. ही खुर्ची घ्या. चहा सांगतो.

मुनव्वर : चहा नको मला. चहा पाजून चार वेळा परत पाठवलंस माझ्या मुलाला. प्लग बदललेस, पॉइंट बदलले, ते कंडेन्सर की काय, तेही बदललंस. कार्बोरेटर इतक्या वेळा धुतलास की त्यात आता मी दूध तापवीन. तरी गाडी मिसिंग मारतेच.

बेद्री : इथे मारत नाही ना! हे बघा, चालू करतो. ऐका. शिवणयंत्रासारखी चालतेय.

मुनव्वर : चालणारच. पाहुण्यांसमोर द्वाड पोर शहाणं होतं तसं.

बेद्री : तेच तर. मोडलेली वस्तू सापडते, मावशी. अधूनमधून मोडणारी सापडत नाही.

मुनव्वर : हे शहाणपण तुझ्या गिऱ्हाइकांना सांग. मी तुला शेंबड्या नाकाने फिरताना पाहिलंय. नीट ऐक. आज दुपारच्या नमाजाच्या आत माझ्या सुनेला, सेवगुलला, घाटापलीकडे माहेरी पोचायचंय. तिचा बाप जाऊन आज चाळिसावा दिवस आहे. तेकीन परवाच मिनीबसने पुढे गेला, जेवणाच्या कढया लावायला. ही एकटी गाडी चालवत जाणार. दफनाला पोचली नव्हती ती, ठाऊक आहे ना?

बेद्री : ठाऊक नसायला काय झालं? गावात दुसरा विषय आहे का? बेद्रीने गाडी दुरुस्त करून दिली आणि आठव्या दिवशी घाटात बंद पडली. बापाला माती दिली गेली आणि लेक चढावर उभी.

मुनव्वर : गावाला कशाला नावं ठेवतोस? मीच सांगितलं. बेकरीसमोर, मोठ्याने.

बेद्री : कळलं मला. त्या दिवसापासून मी त्या बेकरीत जात नाही. रोटी आणायला बायकोला पाठवतो.

मुनव्वर : वाईट वाटलं?

बेद्री : वाईट वाटलं असतं तर बरं होतं. खरं वाटलं. ...मावशी, एक करा. तेकीनला विचारलं की तो म्हणतो, "कधी कधी मिसिंग मारते." कधी कधी म्हणजे कधी? तुमचे कान तिखट आहेत. तुम्ही सांगा. पहिल्यांदा कधी ऐकलंत?

मुनव्वर : धाकट्याला लष्करात पोचवायला निघाले तेव्हा. मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत गेली नाही तोच फट्, फट्. मग माझ्या बहिणीला मालात्या शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा. आणि सुनेच्या माहेरी निघाले की दर वेळी. दर वेळी! म्हणून तर मी म्हणते, दोष गाडीत नाही, पोरीच्या पायात आहे. पांढऱ्या पायाची.

बेद्री : मघाशी दोष माझ्यात होता.

मुनव्वर : तुझ्यातही आहे. दोष काय एकाच घरात राहतो?

बेद्री : बाजाराला जाताना?

मुनव्वर : कधी नाही.

बेद्री : तेकीन रोज गिरणीवर जातो तेव्हा?

मुनव्वर : नाही. सकाळी निघतो, मला कळतसुद्धा नाही.

बेद्री : पावसात?

मुनव्वर : पावसात तो गाडी काढतो कुठे? छपराखाली ठेवतो, वर गोधडी घालतो. आईच्या अंगावर कधी घातली नाही अशी जाड गोधडी.

बेद्री : आणि लांबून परत येताना?

मुनव्वर : परत येताना... नाही. माझ्या दारात कधी खोकत आली नाही.

बेद्री : म्हणजे जवळ गेली तर नाही. परत येताना नाही. फक्त तुमच्या दारातून लांबच्या वाटेला लागली की. आणि इंजिन चांगलं तापलं की पुन्हा ठीक. मावशी, लांब जायचं असलं की तेकीन वेगळं काय करतो? छतावर ओझं बांधतो? डबा भरून पेट्रोल घेतो?

मुनव्वर : तो काय करणार? तो चावी फिरवतो नि निघतो. करते ती मी. दारात उभी राहते, दुआ म्हणते, मागे पाणी टाकते. आता त्यालाही दोष दे!

बेद्री : पाणी.

मुनव्वर : पाणी! लांब निघालेल्याच्या मागे टाकतात ते. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये. तुझी आई नाही टाकत तुझ्या गाडीमागे?

बेद्री : टाकते. पण माझ्या गाडीचं इंजिन पुढे आहे.

मुनव्वर : म्हणजे?

बेद्री : इकडे या. गाडीच्या मागे या. हिला सगळे कासव का म्हणतात? ही पाठ अशी गोल आहे म्हणून. आणि या पाठीत काय आहे? इंजिन. हे त्याचं झाकण. झाकणाला या फटी, आत हवा जायला. तुम्ही पाणी किती अंतरावरून टाकता?

मुनव्वर : अंतर कसलं? चाक हललं की टाकते. गाडीला लागलं पाहिजे ना. धुळीला कशाला दुआ द्यायची?

बेद्री : गाडीला कुठे लागतं?

मुनव्वर : ...मागे.

बेद्री : हा ग्लास घ्या. इंजिन चालूच आहे. दारात टाकता तसं टाका.

मुनव्वर : मी नाही टाकणार.

बेद्री : मावशी.

मुनव्वर : तूच टाक.

बेद्री : माझा हात वेगळा पडेल. तुमचाच हवा.

मुनव्वर : आण इकडे. काही होणार नाही, बघच तू. बिस्मिल्ला...

(पाणी फटींतून आत जातं. इंजिन एक ठोका चुकवतं, मग दुसरा. फटफटतं, अडखळतं आणि बंद पडतं.)

मुनव्वर : हाच. मशिदीच्या कोपऱ्यावरचा आवाज हाच.

बेद्री : झाकण उघडतो. ही काळी टोपी बघा. हिच्यातून चारही प्लगांना करंट वाटला जातो. उजेडात धरा. दिसली चीर?

मुनव्वर : केस चिकटलाय.

बेद्री : केस नाही, चीर आहे. कोरडी असली की करंट नेमक्या वाटेने जातो. ओली झाली की त्याला आडवाट सापडते. मग एका प्लगला मिळतो, दुसऱ्याला नाही. चार वेळा ही टोपी मी काढली, स्वच्छ फडक्याने पुसली आणि परत बसवली. जे शोधत होतो तेच पुसून टाकत होतो.

मुनव्वर : म्हणजे चीर होतीच. पाण्याने नाही पडली.

बेद्री : नाही. चीर जुनी आहे. आणि अजून एक सांगतो. या फटींच्या खाली आतून पत्र्याचं एक पन्हळ असतं, आत आलेलं पाणी बाजूला घालवायला. ते यात नाही. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इंजिन फार तापतं म्हणून मीच काढलं. ते बघा, त्या फळीवर पडलंय. मी त्यात खिळे ठेवतो. बेकरीसमोर तुम्ही खोटं बोलला नाहीत.

मुनव्वर : गप. दोषात मला वाटेकरी नको.

बेद्री : पण एक कळत नाही. तांब्याभर पाण्याने गाडी दहा मिनिटं खोकेल, मग गरमीने वाळेल. इतकी वर्षं तसंच झालं. त्या दिवशी दोन तास बंद कशी राहिली? घाटात बर्फ होतं, मान्य. तरी तांब्याभर पाण्यात एवढं...

मुनव्वर : तांब्या नव्हता.

बेद्री : मग?

मुनव्वर : बादली.

बेद्री : अख्खी?

मुनव्वर : काठोकाठ. अंगणातली, झाडांना घालायची. ...असा बघू नकोस. माझ्या हातात तांब्याच होता. पहाटे निरोप आला, व्याही शेवटचे श्वास घेतायत, लवकर या. दोघं गाडीत बसली. मागची जागा रिकामी. सेवगुलने काच खाली केली नि म्हणाली, "आई, चला ना." मी म्हटलं, माझे गुडघे दुखतायत.

बेद्री : थंडीत दुखतातच.

मुनव्वर : दुखत नव्हते! पाच वर्षं त्या माणसाशी बोलले नव्हते मी. लग्नात सगळ्या मांडवासमोर तो म्हणाला होता, "माझी लेक अशा घरी दिली, जिथे सासूचा आवाज मिनाराच्या वर जातो." लोक किती हसले! खरं बोलला म्हणून जास्त झोंबलं. दर वर्षी अक्रोडाचं पोतं पाठवायचा. मी शेजारणींना वाटून टाकायचे, एकही दाताखाली घेतला नाही. यंदाचं पोतं तसंच आहे, सुतळी सोडलेली नाही. गाडी निघाली तेव्हा वाटलं, अगं मुनव्वर, बसायला हवं होतंस. एवढ्याशा तांब्याने काय होणार? बादली दिसली. उचलली. म्हटलं, माझ्या वाटणीचंही यातच जाऊ दे, लवकर पोचू देत. सगळी ओतली. आणि कोपऱ्यावर फट् फट् ऐकलं. ऐकून दार लावून घेतलं.

बेद्री : बादलीचं पाणी टोपीच्या आत गेलं असणार. आत गेलेलं लवकर निघत नाही.

मुनव्वर : हो, कळलं मला. समजावू नकोस.

बेद्री : मावशी, वहिनी येतीलच आता. मी त्यांना सांगतो, टोपीला चीर होती, माझ्या नजरेतून सुटली. त्यात खोटं काही नाही. पाण्याचं नाव कशाला काढायचं?

मुनव्वर : ...असं सांगशील?

बेद्री : सांगेन.

मुनव्वर : आणि गाव?

बेद्री : गाव चाळीस दिवस तेच म्हणतंय. सवय झालीय.

मुनव्वर : नवी टोपी आहे तुझ्याकडे?

बेद्री : आहे. पन्हळही बसवतो. दहा मिनिटं.

मुनव्वर : मग बडबडतोस काय? हात चालव.

सेवगुल : सलाम, बेद्री उस्ताद. झाली का? ...अगं बाई, आई, तुम्ही इथे?

बेद्री : या वहिनी. झाली. सापडला दोष. ही टोपी, हिला चीर होती. ओली झाली की करंट भरकटायचा. मी चार वेळा हातात घेऊनही मला दिसली नाही. त्या दिवशी घाटात जे झालं ते माझ्या...

मुनव्वर : थांब बेद्री.

बेद्री : मावशी, मी सांगतोय ना.

मुनव्वर : तू पाना चालव, तोंड मी चालवते. सेवगुल, टोपी ओली मी केली. दर वेळी. मागे पाणी टाकते ना, ते सरळ इंजिनात जायचं. आणि त्या दिवशी मी बादली ओतली. तुझ्या बापाला शेवटचं भेटता आलं नाही ते माझ्यामुळे. झालं. आता बोल काय बोलायचं ते. या पोराकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

सेवगुल : बादली मी पाहिली होती.

मुनव्वर : कुठून?

सेवगुल : आरशातून. ते म्हणाले, "आईला झालंय काय, अख्खी बादली ओततेय!" मी म्हटलं, बाबांसाठी ओततायत. घाटात बसले होते ना, तेव्हा तेवढंच मनात धरून बसले होते. की तुमचा राग गेला. मागून पोचल्यावर कबरीवर मूठभर माती घातली, तेव्हा बाबांना सांगितलं मी ते.

मुनव्वर : काय सांगितलंस?

सेवगुल : तुमच्यासाठी सासूबाईंनी बादली ओतली म्हणून.

मुनव्वर : ...बेद्री, तो स्टोव्ह धूर करतोय. बंद कर.

बेद्री : स्टोव्ह बंदच आहे, मावशी.

मुनव्वर : मग दार उघड.

सेवगुल : पाण्याचं मला काही नाही, आई. पाणी तुम्ही चांगल्या मनाने टाकलंत. पण पांढऱ्या पायाची म्हणालात. बेकरीसमोर. मी रांगेतच होते, तुमच्यामागे पाच बायका सोडून.

मुनव्वर : ऐकलंस?

सेवगुल : सगळ्यांनी ऐकलं. बाबा जाऊन चार दिवस झाले होते. रोटी न घेता परत आले. तुम्ही विचारलंत, "रोटी कुठाय?" मी म्हटलं, संपली.

मुनव्वर : आणि मी म्हटलं, तू गेलीस की रोटीसुद्धा संपते.

सेवगुल : हो.

मुनव्वर : उद्या सकाळी जाईन मी बेकरीसमोर. ज्या आवाजात म्हटलं त्याच आवाजात शब्द परत घेईन. या बेद्रीचंही सांगेन.

सेवगुल : बेकरीचं उद्या बघू. आज बाबांच्या अंगणात चला.

मुनव्वर : मी? त्या अंगणात? लोक काय म्हणतील? आणि माझे गुडघे...

सेवगुल : दुखतायत?

मुनव्वर : ...नाही.

बेद्री : वहिनी, झाली गाडी. पन्हळ बसवलं, टोपी नवी. ऐका. मावशी, आता तुम्ही नदी ओतलीत तरी थांबणार नाही.

मुनव्वर : जास्त बोलू नकोस. मघाचा ग्लास कुठाय? आज मागे उभं राहायला मी नाही. तू टाक पाणी. लांबून टाक. रस्त्यावर.

बेद्री : धुळीला दुआ?

मुनव्वर : धुळीलाही लागते. सेवगुल, आधी घराकडे घे गाडी. अक्रोडाचं पोतं उचलायचंय. त्याच्या घरी फोडू, सगळ्यांना वाटू.

सेवगुल : बरं. या, पुढे बसा आई. पाय मोकळे राहतील.

मुनव्वर : नको. ती मागची जागा दे मला. इंजिनाला टेकून बसते. ठोका चुकला तर आधी माझ्या कानावर पडू दे.