माणूसघाणा

आई : ...तर दुकान पोरींवर टाकून आलेय, डॉक्टरीणबाई. लॉन्ड्रीचा धंदा आहे, वाफेची इस्त्री तापत ठेवलीय. काय विचारायचं ते भराभर विचारा. चाळिशी उलटलेल्या घोड्याचं बाळपण उकरून आता काय हाती लागणार, देव जाणे.

डॉक्टर : बाळपणातच हाती लागतं, काकू. यांचं लहानपण तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.

आई : पाहिलंय ना. एका हाताने इस्त्री आणि दुसऱ्या हाताने हा. आणि ते बघा! आला तसा खिडकी उघडून तिच्यापाशी बसला. घरीही हेच. चार माणसं जमली की साहेब खिडकीत. आमचा वारासुद्धा नको अंगाला!

मुलगा : खिडकी मी विचारून उघडली.

डॉक्टर : हो, विचारलं होतं त्यांनी. काकू, यांच्या आधीच्या डॉक्टरांनी कागदावर स्किझॉइड असं लिहिलंय. म्हणजे असा स्वभाव, की माणसांची फारशी ओढच नाही, एकटंच बरं वाटतं. मला शंका ऑटिझमची येतेय. त्यात बरेचदा ओढ असते, पण माणसांत वावरायचं कसं ते उमगत नाही. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस.

आई : मग दोन्ही लिहा आणि मोकळ्या व्हा.

डॉक्टर : दोन्ही असूही शकतं.

आई : नको गं बाई. आमच्याकडे एका शर्टाला दोन चिठ्ठ्या लागल्या की तो शर्ट हरवलाच म्हणून समजायचं.

मुलगा : म्हणूनच मी आलोय. मला माणसं नको आहेत की हवी आहेत, ते मला कळायला हवं. माझं मला सांगता येत नाही. आमच्या चष्म्याच्या दुकानात मी मागे भिंगं घासतो. पुढे काउंटरला एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही डबा पायरीवर बसून का खाता, आत का नाही येत? मी म्हटलं, विचार करून सांगतो.

आई : हे मला बोलला नाहीस! कधीची गोष्ट?

मुलगा : गेल्या वर्षीची.

आई : अगं आई! ती बिचारी अजून उत्तराची वाट बघतेय?

मुलगा : नाही. त्या नोकरी सोडून गेल्या.

आई : जाईल नाही तर काय!

डॉक्टर : काकू, शाळेत जायच्या आधी कसे होते हे?

आई : तेव्हा? तेव्हा तोंडाचा पट्टा नुसता! धुताना तुटलेली बटणं मी एका डब्यात टाकायचे. तो डबा म्हणजे याचा जीव की प्राण. येईल त्या गिऱ्हाइकाचा हात धरायचा आणि बटणांची कुळकथा सुरू. हे शिंगाचं, हे शिंपल्याचं, हे नुसतंच प्लॅस्टिकचं. समोरचा घाईत आहे, जांभया देतोय, याला पत्ता नाही. एक मास्तर तर मागच्या दाराने कपडे न्यायला लागले.

डॉक्टर : म्हणजे तेव्हा माणसं हवी होती.

आई : हवी म्हणजे? सोडायचा नाही कुणाला.

डॉक्टर : मग हे थांबलं कधी?

आई : शाळेत रुळल्यावर कधीतरी. एकाएकीच. दृष्ट लागावी तसं. त्याच सुमाराला अंघोळीचं खूळ शिरलं. कातडं निघेस्तोवर अंग घासायचा. मी म्हणायचे, अरे, पोरगा आहेस की गिऱ्हाइकाची चादर?

मुलगा : एकाएकी नाही. तू मावशीला सांगितलंस तेव्हापासून.

आई : काय सांगितलं मी मावशीला?

मुलगा : मावशीने विचारलं, हा बाहेर का येत नाही? मी आत बटणं लावून ठेवत होतो. अर्धी राहिली होती, म्हणून येत नव्हतो. तू म्हणालीस, जाऊ दे गं, माणूसघाणा आहे तो.

आई : बरं, मग? माणूसघाण्याला माणूसघाणा म्हणू नये? माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली म्हणायची.

मुलगा : मला शब्द नवा होता. मी तो फोडून बघितला. माणूस आणि घाण. ज्याची माणसांना घाण येते, तो.



आई : अरे, उलटं ते! ज्याला माणसं नकोशी होतात, तो माणूसघाणा. शेंबड्या पोरालाही कळतं.

मुलगा : मला नाही कळलं.

आई : मग विचारायचं होतंस!

मुलगा : माझी घाण येते का, हे विचारायला जवळ यावं लागलं असतं.

डॉक्टर : खरा अर्थ कधी कळला तुम्हाला?

मुलगा : नोकरी लागल्यावर. एक जण आमच्या मालकांना माणूसघाणा म्हणाला. मालक तर रोज अत्तर लावायचे. जुळेना, म्हणून शब्दकोशात पाहिलं. पण तोवर लांब बसायची सवय झाली होती. अर्थ बदलला तरी ती गेली नाही.

डॉक्टर : आधीच्या डॉक्टरांना हे सांगितलंत?

मुलगा : त्यांनी विचारलं, माणसांपासून लांब राहता का? हो म्हटलं. एकटं असताना बरं वाटतं का? हो म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

आई : विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही?

मुलगा : नाही.

आई : थांब. तुझे बाबा गेले तेव्हा... घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तू फाटकाबाहेर उभा. दिवसभर. मी आत तुझी वाट बघतेय. आल्यागेल्याला सांगत सुटले मी, याला बापाचंही काही नाही म्हणून.

मुलगा : ऐकू आलं होतं ते. मी कामावरून पळत आलो होतो. घाम आला होता. आत गर्दी होती आणि खिडक्या बंद होत्या. तू आधीच रडत होतीस.

आई : अरे, पण तेव्हा तुला अर्थ ठाऊक होता ना?

मुलगा : होता. तरी पाय उचलला नाही.

आई : लिहा, बाई. मीच केलं हे. लिहा तुमच्या कागदावर, आईच्या जिभेने केलं.

डॉक्टर : असं नाही लिहिता येणार, काकू. बटणांचा डबा त्या शब्दाच्या आधीचा आहे. ऑटिझम असला, तर तो जन्मापासूनचा. कुणाच्या बोलण्याने तो होत नाही.

आई : मग बोलण्याने काय झालं?

डॉक्टर : लांब बसणं झालं असेल. सगळं नाही, काही. यांना मुळातच एकांत आवडतो असंही असेल, तेही बघायला हवं. आज मी कुठलंच नाव पक्कं करत नाही. बसा तुम्ही, पुढच्या भेटीची वेळ बघून येते.

आई : गेली. चांगली आहे रे बाई. स्वतःला दोष द्यायचीही सोय नाही ठेवली तिने.

मुलगा : तू खोटं बोलली नव्हतीस. तुला तसंच वाटत होतं.

आई : तेच तर. गिऱ्हाइकं म्हणायची, बाईंच्या इस्त्रीपेक्षा जिभेचा चटका जास्त. मी ऐकून फुगायचे. कुणाकुणाला बसला, कधी वळून नाही बघितलं. खिडकी लाव.

मुलगा : उघडी बरी असते.

आई : कुणाला?

मुलगा : तुला.

आई : लाव म्हणते ना. आणि इकडे ये, या खुर्चीवर बस.

मुलगा : ही तुझ्या अगदी शेजारी आहे.

आई : ठाऊक आहे. मीच ओढून घेतलीय.

मुलगा : दुकानात इस्त्री तापत ठेवली आहेस तू.

आई : निवू दे. ते शिंपल्याचं बटण कसं ओळखायचं म्हणायचास रे तू? माझं कधी पुरतं ऐकून झालं नाही.

मुलगा : गालाला लावून बघायचं. खरं असलं तर गार लागतं.