खडखडणारा पंखा

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक सासू-सून नंबराची वाट बघत होत्या. सुनेनं नुकताच फोन ठेवला होता.

"आई, विमावाल्यांनी मान्य केलं. बाळंतपणाच्या सुट्टीत ऑफिस जो पगार कापेल, तो बराचसा त्या जादा विम्यातून मिळणार."

"सुटले बाई. म्हणजे आता सुट्टी पुरी घेशील ना?"

"घेईन. लग्न झाल्या झाल्या तुम्ही तो विमा काढायला लावलात, तेव्हा किती चिडले होते मी."

"नुसतं हं-हं करत होतीस माझ्याशी."

"मला वाटलं, यांना नातवंडाची घाई झालीय."

"अगं, दिवस गेल्यावर कोण देतंय तो विमा? आधीच काढावा लागतो."

"पण तुम्हाला सुचलं कसं?"

"मला कुठली सुट्टी आणि कुठला पगार. ओली बाळंतीण होते, तशीच शिवणाला बसले. तुझा नवरा मशीनच्या पायाशी झोपायचा. खडखड थांबली की रडायला लागायचा."

"म्हणून तो आमच्या खोलीतला खडखडणारा पंखा दुरुस्त करू देत नाही होय."

"आता घे करून. बाळाला शांततेत झोपायची सवय लागू दे."