पैलवानाचा कौल

...आणि पांढरा रस्सा पाजा म्हणे! पिल्लाला! दीड महिन्याचं कुत्र्याचं पोर ते, नाकाला धार, डोळ्याला चिपाडं, खोकून खोकून वाकडं झालंय, आणि आमचा शेजारी केरबा दारात उभा राहून सांगतोय, "गुंड्या, वाटीभर गरम रस्सा पाज, सर्दी कळंब्याच्या तळ्यापल्याड पळती का न्हाय बघ!" तुम्हाला सांगतो पावणं, सांगणाऱ्याचं काय जातंय!

पिल्लू आईचं. कागलच्या मावशीनं दिल्यालं. वडील गेल्यापासनं आई गप्प गप्प असायची, हे आलं आणि घरात तिचा आवाज ऐकू याय लागला. नाव ठेवलं पैलवान! वजन बघाल तर नारळाएवढं! लस टोचायला न्यायचं ठरलं, तवर आजार दारात. डॉक्टर अवंतिका मॅडम म्हणल्या, "काका, हा डिस्टेंपर. लस द्यायच्या आधीच लागण झालीय. या विषाणूवर औषध नाही, आपण फक्त त्याला सांभाळायचं." मग सांभाळलं की! सलाईन काय, वाफ काय, आईनं रात्रंदिस मांडीवर घेतलं... आणि गडी उठला! दूधभाकरी खाल्ली, शेपूट हलवली! केरबा गल्लीभर छाती काढून सांगतोय, "आमच्या रश्श्यानं!" अरे, थेंब पाजला न्हवता बाबा! पण सांगणाऱ्याचं काय जातंय!

आणि मग मान हलाय लागली. वर-खाली, वर-खाली, होय म्हणल्यागत. खाताना, बसल्यावर, झोपेतसुद्धा! मधीच जबडा कडाकडा वाजायचा, तोंडाला फेस, पाय ताठ... मॅडमनी घरी येऊन तपासलं. "मेंदूत गेलाय आजार. झटके थांबले नाहीत, तर त्याला इंजेक्शननं शांत झोपवणंच बरं, काका."

आई ऐकतीया व्हय? "मी कौल लावती," म्हणली. आता आमच्याकडं काम अडलं की देवाला फूल लावून कौल घेत्यात, उजवं पडलं की देवाचा होकार. हिनं देवाला विचारलंच न्हाय! थेट पिल्लाम्होरं फतकल मारली. "पैलवाना, राहतोस न्हवं माझ्यापाशी?"

मान वर-खाली!

"बघा! होय म्हणतोय!" आई रडतीया, हसतीया, आणि केरबा दारातनं वरडतोय, "कौल दिला की गड्यानं!" सांगणाऱ्याचं काय जातंय हो... मॅडम तेवढ्या हळूच म्हणल्या, "आजी, आता उलटं विचारून बघा."

कोण विचारणार? मला तर मॅडमचाच राग आला, खरं सांगतो.

पण झटकं काय थांबंनात. औषध बदललं, वाढवलं... शेवटी शेवटी तर पिल्लाचं डोळं आईलाच ओळखंनात. मग एका सकाळी आईनं त्याला पदरात घेतलं, तोंड पुसलं, आणि एवढ्याशा आवाजात विचारलं, "जातोस व्हय रं बाळा?"

मान वर-खाली. तीच. तशीच.

आईनं त्याचं तोंड परत एकदा पुसलं. मग म्हणली, "गुंडू, मॅडमना बोलीव. ह्यो बिचारा कशालाच न्हाय म्हणत न्हाय."

सुई टोचताना पिल्लू तिच्याच मांडीवर हुतं. मान थांबली, तरी तिचा हात त्या मानंवरनं फिरतच हुता. मला बघवलं न्हाय, मी भायेर गेलो.

आता गल्लीतली बायामाणसं येता-जाता विचारत्यात, "बरी हायस न्हवं, तानाबाई?" आई तोंडानं काय बोलत न्हाय. नुसती मान हलवती, वर-खाली. आणि आम्हीबी त्येच खरं धरून चाललोय... दुसरं काय करणार?